टंडेलांची म्हाकूल

डिलाईल रोडवरच्या आमच्या चाळीत समुद्राच्या गोष्टी सांगण्याचा मान टंडेलांचा. बाकीचे पुरुष गिरणीतले. माझ्या आजोबांचा जन्म साचे खात्यात गेला, शेजारचे दोघे कांडी खात्यात, पलीकडचे एक बदली कामगार. टंडेल तेवढे बोटीवरचे. त्यांचं खरं नाव भाडेपावतीवर होतं, पण बायकामाणसांपासून पोराटोरांपर्यंत सगळे त्यांना हुद्द्यानेच ओळखत. दुसऱ्या महायुद्धात, म्हणजे त्यांच्या भाषेत ‘मोठ्या लढाईत’, ते विलायतेच्या बोटींवर होते. आधी साधे खलाशी, मग सारंगाच्या हाताखाली टंडेल. गाव विजयदुर्गच्या खाडीकाठचं. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला, तोवर त्यांना बोट सोडून बरीच वर्षं झाली होती. संप लांबत गेला. ज्यांच्या आयुष्याचं घड्याळ पाळीवर चालायचं ती माणसं संध्याकाळी गॅलरीत नुसती बसून राहू लागली, आणि त्या रिकाम्या संध्याकाळी टंडेलांनी भरून काढल्या.

सगळ्यांत जास्त मागणी म्हाकुलीच्या गोष्टीला. मुंबईच्या बाजारात जिला माकूल म्हणतात तीच ही म्हाकूल, पण टंडेलांच्या गोष्टीतली पाटीत मावणारी नव्हती. विलायतेहून मुंबईला निघालेली बोट भर दर्यात जर्मनांनी बुडवली. वाचलेली माणसं एका तराफ्याला धरून तरंगत राहिली. पहिल्या रात्री मुशी आल्या आणि कडेच्या दोघांना घेऊन गेल्या. दुसऱ्या रात्री पाणी शांत. चांदणं पडलेलं. तेवढ्यात पाण्यातून माडाच्या खोडाएवढा एक हात वर आला, तराफ्यावर चाचपडत फिरला, आणि त्यातल्या सगळ्यांत दांडग्या माणसाच्या कमरेला विळखा घालून त्याला खाली घेऊन गेला. ओरडायलाही सवड मिळाली नाही. इथे टंडेल थांबत आणि आपली पँट गुडघ्यापर्यंत वर करून पोटरीवरचा एक जुना वण दाखवत. तो वण म्हाकुलीचा आहे असं ते म्हणत नसत. नाही असंही म्हणत नसत.

आजोबांना ही गोष्ट पटायची नाही. ते आम्हा पोरांकडे बघून म्हणायचे, “झिला, म्हाकूल माणसाक खाणा नाय. माणूस म्हाकुलीक खाता. आयतवारी बघलंस मां?” टंडेल शांतपणे उत्तर द्यायचे, “साचेवाल्याक दर्याची काय खबर?” मग आजोबा आपला हुकमाचा पत्ता काढत: “रामदास काय म्हाकुलीन बुडवली?”

या प्रश्नानंतर गॅलरीतलं कुणी काही बोलत नसे. 17 जुलै 1947 ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास बोट काशाच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. अमावस्येच्या सणाला घरी निघालेली माणसं होती ती. बोट भरलेली, वर पावसाळ्यातला दर्या. मुंबईत पोट आणि कोकणात घर असलेल्या आमच्याकडच्या आजोबा-आजींच्या मनात समुद्राच्या भीतीला तारीख होती आणि बोटीचं नाव होतं. मासळी आणि गावची वाट एवढाच गिरणगावाचा समुद्राशी संबंध. वरळीचा समुद्र चालत अर्ध्या तासावर असूनही चाळीतल्या कित्येक बायकांनी तो गणपती पोचवण्यापलीकडे पाहिला नव्हता. पण रामदासचं नाव प्रत्येकीला ठाऊक.

दोन म्हाताऱ्यांच्या या वादात कोण खरं, हा प्रश्न माझ्या मनात घर करून राहिला. भा. रा. भागवतांनी मराठी मुलांच्या हाती दिलेला ज्यूल व्हर्न मी याच काळात वाचला आणि कॅप्टन निमोच्या पाणबुडीला विळखा घालणारे ते राक्षसी हात मला टंडेलांच्या गोष्टीचा पुरावा वाटले. निमो हा बुंदेलखंडाचा राजपुत्र आणि 1857 च्या उठावात लढलेला, हे व्हर्नने पुढच्या एका कादंबरीत सांगितलं आहे. टंडेलांना मी ते सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, “मगे आपलोच माणूस तो.” त्या उत्तरात त्यांचं समाधान झाल्याचं मला स्पष्ट दिसलं होतं.

आजोबांच्या बाजूचा पुरावा रोज चाळीच्या तोंडाशी यायचा. वरळी कोळीवाड्यातून येणारी मावशी पाटी उतरवायची आणि पावसाळा सरल्यावर त्या पाटीत माकुली दिसू लागायच्या. आजी म्हणायची, मावशी, साफ करून द्या हो. मावशी माकुलीचं डोकं एका हातात आणि धड दुसऱ्या हातात धरून अलगद ओढायची. डोक्याबरोबर आतडी आणि शाईची पिशवी बाहेर यायची. ती फुटू द्यायची नाही, नाहीतर पाटी, हात, लुगडं सगळं काळं. मग धडात बोट घालून एक लांब पारदर्शक पातं खेचून काढायचं. या जनावराच्या अंगात हाड म्हणून असतं ते तेवढंच. जांभळट ठिपक्यांची साल सोलायची. शेवटी हातांच्या झुपक्याच्या मुळाशी अंगठा दाबला की टपकन एक काळी चोच बाहेर उडायची. ताज्या माकुलीच्या कातडीवर बोट टेकवलं तर ते ठिपके मरणानंतरही थोडा वेळ मोठे-लहान होत राहतात. मी तासन्‌तास ते बघत बसायचो. मावशी म्हणायची, “बघतोस काय, धर हातात. मेलेली हाय ती.” हातांवरच्या वाट्यांवरून बोट फिरवलं की प्रत्येक वाटीची दातेरी कडा लागायची, इतकी बारीक की डोळ्याला दिसण्याआधी बोटाला कळायची.

ही मुंबईच्या समुद्रातली नेहमीची माकूल. धडाची लांबी वीतभर, फार तर एक फूट. तिच्या भाईबंदांतली मोठी म्हणजे कवचाची माकूल, जिच्या अंगातली पांढरी ढलपी वाळूत सापडते. तिलाच समुद्रफेन म्हणतात. वैद्य ती औषधात वापरतात आणि आमच्या चाळीत ती पोपटाच्या पिंजऱ्यात अडकवलेली असायची. ही माकूलही दीडेक फुटाच्या फारशी पुढे जात नाही. जाळ्यातून सोडवताना चोच लागली तर बोट रक्ताळतं, तोंडावर शाईची पिचकारी बसते, एवढंच. मावशीला मी माणूस ओढून नेणाऱ्या माकुलीबद्दल विचारलं तेव्हा ती हसली नाही, विचारात पडली, आणि म्हणाली की तिच्या सासऱ्याने किंवा नवऱ्याने असलं काही सांगितलेलं तिला आठवत नाही. “पाकटाला भ्यायचं,” ती म्हणाली. “पाकट दिसत नाय.”

मोठी माकूल जगात आहे, याबद्दल मात्र आता वाद उरलेला नाही. आपल्याच अरबी समुद्राच्या मध्यभागी, किनाऱ्यापासून फार दूर, जांभळ्या पाठीच्या एका महासागरी माकुलीची मोठी जात राहते; तिचं धडच 65 सेंटिमीटरपर्यंत वाढतं आणि वर हातांची लांबी वेगळी. कोचीच्या केंद्रीय सागरी मात्स्यिकी संशोधन संस्थेने तिचा अभ्यास केला आहे. ती रात्री वर येते, बोटीच्या दिव्याकडे झेपावते, पण आमच्या कोळ्यांच्या होड्या तिथवर जात नाहीत. मुंबईसमोरचा समुद्र उथळ आहे. किनाऱ्यापासून 160 किलोमीटरवर बॉम्बे हायला गेलं तरी तळ 75-80 मीटरवरच लागतो. खरी राक्षसी माकूल, जी सगळं मोजून 12-13 मीटर भरते, तिचा मुक्काम 300 मीटरपासून हजार मीटरपर्यंतच्या काळोखात. पाठीवर टाकी बांधून जाणारा हौशी पाणबुड्या 40 मीटरच्या खाली सहसा उतरत नाही. दोघांच्या वाटा एकमेकींना छेदतच नाहीत. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या पायथ्याशी किंवा तारकर्लीला बुडी मारायला जाणाऱ्या पोरांच्या आया मला कधीकधी हे विचारतात, म्हणून इतकं स्पष्ट लिहितो: तिथे राक्षसी माकूल नाही, असणार नाही. तिथे बघायचं ते पाण्याचा ओढा, सामानाची अवस्था आणि बरोबरच्या शिक्षकाचं कसब.

आणि ती वर आली तर? 26 ऑक्टोबर 1873 ला कॅनडाच्या न्यूफाउंडलंडमध्ये पोर्चुगल कोव्हजवळ दोन कोळी आणि एक बारा वर्षांचा मुलगा होडीतून जात होते. पाण्यावर काहीतरी मोठं तरंगताना दिसलं. बुडालेल्या बोटीचं सामान असेल म्हणून त्यांनी त्याला आकडा टोचला. त्या वस्तूने होडीवर हात टाकले. कुऱ्हाडीने हात तोडून ते सुटले आणि तो तुकडा घेऊन किनाऱ्यावर आले. मोजला तर 19 फूट. मोझेस हार्वी नावाच्या पाद्र्याने तो विकत घेतला. काही आठवड्यांनी तिथल्याच एका जाळ्यात आख्खी माकूल सापडली, तेव्हा हार्वीने ती आपल्या न्हाणीघरातल्या दांडीवर टाकून तिचा फोटो काढवला. राक्षसी माकूल ही थाप नाही हे जगाला पटलं ते त्या फोटोने. त्याच्या 12 वर्षं आधी, नोव्हेंबर 1861 मध्ये, ॲलेक्टॉन या फ्रेंच लढाऊ बोटीने टेनेरिफजवळ अशाच एका माकुलीवर गोळ्या झाडल्या, भाले फेकले, आणि हाती लागला तो शेपटीचा तुकडा. व्हर्नच्या कादंबरीतला माकुलीचा प्रसंग याच बातमीच्या पायावर उभा आहे. दोन्हीकडे पहिला घाव माणसाचा. आणि पृष्ठभागावर तरंगणारी राक्षसी माकूल ही बहुतेक वेळा मरायला टेकलेली असते, हे पुढे अनेक मृत माकुली तपासून कळलं. जिवंत राक्षसी माकुलीचे तिच्या खोलीतले पहिले फोटो जपानी शास्त्रज्ञ त्सुनेमी कुबोदेरा यांनी ओगासावारा बेटांजवळ 2004 मध्ये काढले. ती गळाला लागली, तासन्‌तास झगडली आणि एक लांब हात तोडून निघून गेली.

वजनात तिच्याहून भारी अशी दक्षिण ध्रुवाकडची माकूल 2007 मध्ये रॉस समुद्रात एका न्यूझीलंडच्या मच्छीमार बोटीला मिळाली: 495 किलो. गळाला लागलेला मासा ती खात होती आणि माशाबरोबर वर आली. तिच्या हातांवर वाट्यांबरोबर आकडेही असतात. अशा जनावराच्या मिठीत माणूस सापडला तर काय होईल हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही. पण ती माणसाच्या वाटेला येतच नाही.

ज्या माकुलीबद्दल टंडेलांची बाजू घ्यावीशी वाटते ती अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरची, मेक्सिको ते पेरू. तिला मेक्सिकोचे कोळी लाल सैतान म्हणतात. धड दीड मीटरपर्यंत, वजन 50 किलोपर्यंत, आणि ती झुंडीने फिरते. रात्री दिवे लावून गळाने तिला पकडतात. ओढून घेतलेली माकूल होडीत हात मारते, चावते, आणि गळाला लागलेल्या बहिणीवर बाकीच्या तुटून पडतात. त्या गर्दीत पाण्यात उतरलेल्या पाणबुड्यांना ओढल्याच्या, सामान हिसकावल्याच्या, अंगावर वाट्यांच्या खुणा उमटल्याच्या हकिकती आहेत. उलट स्टॅनफर्डचे विल्यम गिली वर्षानुवर्षं त्याच माकुलीचा अभ्यास करत आले आहेत, तिच्याबरोबर पाण्यात उतरले आहेत, आणि त्यांच्या अनुभवात ती सावध आणि चौकस आहे, खुनशी नाही. मला दोन्ही खरं वाटतं. शिकारीचा गोंधळ चाललेला असताना, दिव्याच्या झोतात, रक्त आणि शाईत उतरलं तर कोणतंही मोठं जनावर धोक्याचं. त्या माकुलीने माणूस मारल्याची खात्रीची नोंद मात्र मी कुठेही वाचलेली नाही.

म्हणजे आजोबा जिंकले, असं म्हणून मी थांबलो असतो. पण टंडेलांची गोष्ट नुसती कल्पना नव्हती.

ॲंकर लाईन कंपनीची ब्रिटानिया ही बोट मार्च 1941 मध्ये लिव्हरपूलहून मुंबईला निघाली होती. ही कंपनीच मुळी मुंबईच्या फेऱ्यांची. तिच्या बोटींवर हिंदी खलाशी, आगवाले, भंडारी शेकड्यांनी. 25 मार्चला अटलांटिकमध्ये, फ्रीटाउनपासून शेकडो मैल दूर, थोर नावाच्या जर्मन बोटीने तिला गाठलं. थोर ही व्यापारी बोटीच्या वेषात फिरणारी लढाऊ बोट. तिने ब्रिटानियावर तोफा डागल्या, माणसं होड्यांत उतरली, बोट बुडाली, आणि थोर निघून गेली. सुमारे 250 माणसं गेली. सात नंबरच्या होडीत तर 82 जण कोंबले गेले, त्यांत बरेचसे हिंदी खलाशी. आफ्रिकेचा किनारा जवळचा, पण वारा उलटा. म्हणून बोटीवरचा अधिकारी मॅकव्हिकर आणि नौदलाचा तरुण अधिकारी मॅकिंटॉश यांनी होडीचं तोंड थेट ब्राझीलकडे वळवलं. 23 दिवसांनी, दीड हजार मैलांवर, ती होडी ब्राझीलच्या किनाऱ्याला लागली तेव्हा त्यात 38 जण जिवंत होते. बाकीचे तहानेने, उन्हाने आणि खाऱ्या पाण्याच्या जखमांनी वाटेत गेले. जिवंत राहिलेल्यांनी त्यांना एकामागून एक पाण्यात सोडलं. फ्रँक वेस्ट नावाच्या त्यातल्याच एका प्रवाशाने पुढे या होडीवर पुस्तक लिहिलं.

याच बोटीवरचे आणखी काही जण एका छोट्या तराफ्याला धरून होते. त्यांतला लेफ्टनंट कॉक्स वाचला आणि त्याने नंतर सांगितलं, की मुशी तर आल्याच, पण रात्री एका प्रचंड माकुलीने त्यांच्यातल्या एकाला धरून खाली नेलं; पुढे तिने त्याच्याही पायाला विळखा घातला आणि सोडून दिला. जॉन क्लाउडस्ली-थॉम्पसन या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने 1943 मध्ये त्याच्या पायावरचे गोल व्रण पाहिले आणि ते माकुलीच्या वाट्यांचे असावेत असं त्याचं मत झालं. माणसाला माकुलीने मारल्याची जगात जी एक हकिकत पुन्हा पुन्हा सांगितली जाते ती हीच. मुंबईला येणाऱ्या बोटीची.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा टंडेल हयात नव्हते. ते ब्रिटानियावर होते असं त्यांनी कधी म्हटलं नव्हतं, आणि मीही म्हणणार नाही. पण खलाशांच्या गावकऱ्यांच्या खोल्यांत, गोद्यांत, बोटीच्या डेकवर ही हकिकत हिंडत हिंडत विजयदुर्गच्या एका माणसापर्यंत पोचली आणि तिथून डिलाईल रोडच्या गॅलरीत आली, यात मला काहीच अशक्य वाटत नाही. मुशी, तराफा, रात्र, पायावरचा वण. सगळं जागच्या जागी.

हकिकत खरी की खोटी? शंका घ्यायला जागा आहे. तहानेने आणि भीतीने अर्धमेली झालेली माणसं, रात्रीचा काळोख, आजूबाजूला मुशी. त्या वेळी पाण्याखालून काय आलं हे सांगणारा साक्षीदार जवळजवळ एकच. गोल व्रण दुसऱ्या कशानेही होऊ शकतात. पण भर महासागरात मोठ्या माकुली रात्री वर येतात हेही खरं, आणि तिथे पाण्यात लोंबकळणारे पाय त्यांना भक्ष्य वाटू शकतात हेही खरं. मी ती हकिकत पुरावा म्हणून स्वीकारणार नाही. कॉक्सला खोटारडाही म्हणणार नाही.

माझं मन अडकतं ते दुसरीकडे. ही हकिकत मी जिथे जिथे वाचली तिथे माकुलीच्या हातांची जाडी आहे, वाट्यांचा व्यास आहे, कॉक्सचा हुद्दा आहे, प्राणिशास्त्रज्ञाचं नाव आहे. खाली गेलेल्या माणसाचं नाव नाही. तो कोण होता, कोणत्या गावचा, त्याच्या मागे कोण होतं, याची चौकशी कुणी केलेली दिसत नाही. सगळ्यांना जनावर हवं होतं.

टंडेलांच्या गोष्टीत मात्र माणूस होता. “दांडगो होतो,” ते म्हणायचे, “दोन माणसांची दोरी एकटो ओढी.” त्याचं लग्न झालेलं होतं, त्याला पोहता येत होतं, तो बोटीवर भाकरी थापायचा. आजीने एकदा मला हळूच सांगितलं, की टंडेलांचा चुलता लढाईत एका बोटीवरून गेला तो परत आला नाही. घरी तार आली, तीत ‘बेपत्ता’ एवढंच. टंडेलांची चुलती पुढे कितीतरी वर्षं कुंकू लावत होती. बेपत्ता माणसाचं सुतकही धरता येत नाही. कुणीतरी त्या बाईला म्हाकुलीने नेल्याचं सांगितलं असेल, किंवा टंडेलांनीच सांगितलं असेल. आजी म्हणाली, “तां ऐकल्यार ती रडली. त्याआधी रडाकच नव्हती.” यानंतर आजोबांना मी ‘म्हाकूल माणसाक खाणा नाय’ म्हणताना कधी ऐकलं नाही, आजीने त्यांनाही काही सांगितलं असावं.

संपातल्या माणसांना टंडेलांच्या दुसऱ्याच गोष्टी जास्त भिडायच्या. 1939 मध्ये युद्ध सुरू होताच विलायतेच्या गोद्यांत हिंदी खलाशांनी काम बंद केलं होतं. गोऱ्या खलाशाच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी पगार, राहायला कमी जागा, आणि आता वर पाणसुरुंग आणि पाणबुड्या. कित्येकांना तुरुंगात टाकलं, तरी शेवटी पगार वाढवावा लागला. हे ऐकताना साचे खात्यातली माणसं पुढे सरकून बसत. बोट बुडाल्यावर खलाशाचा पगार कोणत्या दिवसापासून तोडायचे, असा एकाने प्रश्न विचारलेला मला आठवतो. टंडेलांनी उत्तर दिलं नाही. म्हाकुलीपेक्षा त्या प्रश्नाने ते जास्त अस्वस्थ झाले होते.

दर्या आजही माणसं घेतो, आणि कशाने घेतो ते आपल्यासमोर आहे. नोव्हेंबर 2009 मध्ये फयान वादळ कोकण किनाऱ्यावर आलं तेव्हा रत्नागिरी-सिंधुदुर्गचे कोळी समुद्रात होते; कित्येक परतले नाहीत. 17 मे 2021 ला तौक्ते वादळात बॉम्बे हायजवळ पी-305 हा तराफा बुडाला आणि त्यावरची सत्तरच्या आसपास माणसं गेली. नौदलाचे पाणबुडे त्या गढूळ पाण्यात प्रेतं शोधायला उतरले. पाणबुड्याला तिथे भ्यायचं असतं ते दाबाला, घाईने वर येण्याला, हवेच्या नळीला, आणि वरच्या बोटीवरच्या माणसाच्या निष्काळजीपणाला.

आणि मावशी म्हणाली होती ते पाकट. 2013 च्या सप्टेंबरात दीड दिवसाच्या गणपतींच्या विसर्जनाला गिरगाव चौपाटीवर साठ-सत्तर जणांच्या पायांना पाकटांनी डंख केला. लोकांना कळेचना काय होतंय. गुडघाभर पाण्यात उभा असलेला माणूस एकदम कळवळून खाली बसायचा. पाकट वाळूत पसरून पडलेलं असतं, पाय पडला की शेपटीचा काटा उलटा मारतं. तेव्हापासून पालिका आणि मत्स्यव्यवसाय खातं दर वर्षी सूचना देतात. आमच्या लोअर परळच्या मंडळांतल्या पोरांना मी सांगतो: पाण्यात पाय उचलून टाकू नका, वाळूतून घासत सरकवा, म्हणजे पाकट आधीच निघून जातं. गमबूट घाला. डंख झालाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवा, त्याने विषाची कळ कमी होते. काटा खोल रुतला असेल तर उपटू नका, तसेच दवाखान्यात न्या. जेलीफिशचंही असंच, दिसायला पाणी आणि लागली की आग. माकुलीने विसर्जनात कुणाला काही केल्याचं ऐकिवात नाही.

उलट तिच्यावरच आता वेळ आली आहे. पूर्वी जिला भाव नव्हता ती माकूल परदेशात जाऊ लागल्यापासून ससून डॉकवर बायका बर्फाच्या पाण्यात हात घालून पहाटेपासून ती सोलत बसतात. त्यांच्या बोटांच्या पेरांना पडलेल्या भेगा कुणीही जाऊन बघाव्यात. प्रखर एलईडी दिवे लावून तिच्या झुंडी जाळ्यात ओढण्याची पद्धत केंद्र सरकारने नोव्हेंबर 2017 मध्ये बंद केली, तरी मालवणपासून मुंबईपर्यंतचे पारंपरिक मच्छीमार अजून त्याविरुद्ध ओरडत आहेत, आणि त्यांचं ओरडणं रास्त आहे.

दुसऱ्या महायुद्धात अविभाजित हिंदुस्थानचे साडेसहा हजारांच्या आसपास नौसैनिक आणि व्यापारी खलाशी गेले, ज्यांना कबर नाही. त्यांची नावं एका नोंदवहीत आहेत आणि ती मशीद बंदरच्या इंडियन सेलर्स होममध्ये ठेवलेली आहे. राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाच्या नोंदींत ती घरबसल्याही शोधता येतात. स्मारकाचं नाव ‘बॉम्बे 1939-1945’. नावासमोर हुद्दा असतो, बोटीचं नाव असतं, तारीख असते, काहींच्या पुढे बापाचं नाव आणि गाव. शोधताना एक लक्षात ठेवायचं: लिहिणारा कारकून इंग्रज, सांगणारा कोकणी, त्यामुळे आडनाव असतंच असं नाही, आणि गावाचं नाव जसं कानावर पडलं तसं उतरलेलं. रत्नागिरी शब्दाचीसुद्धा चार रूपं भेटतील. म्हणून आधी बोटीच्या नावाने शोधावं, मग तारखेने, आणि शेवटी माणसाच्या नावाने. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या, गोव्याच्या, गिरणगावातल्या ज्या घरांत लढाईत बोटीवर गेलेल्या आणि न परतलेल्या एखाद्या चुलत्याची, आजोबांच्या भावाची गोष्ट अजून सांगितली जाते, त्यांनी ती गोष्ट आणि ती नोंदवही एकदा शेजारी शेजारी ठेवून बघावी. टंडेलांच्या नातवाला मी हेच सांगितलं आहे. त्याच्याकडे चुलत्याचं नाव आहे. बोट कोणती, ते आम्ही शोधतो आहोत.